खोटे सोमवार

सुमन म्हणाली, "लिवा वन्सं. पण खरं लिवायचं आसंल तरच लिवा, नाय तर ऱ्हाऊ दे."

सुमन म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्याला आमची वाडी आहे. तिथे माझ्या आईला सांभाळून, भातशेती बघून ती राहते. भाऊ मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला उगवणारा. मी महाडला शाळेत मराठी शिकवते. वीस वर्षं पोरांच्या वह्यांत लाल शाईने चुका काढल्या. स्वतःच्या चुकीखाली रेघ ओढायची वेळ आली तेव्हा पेन टेकवेना, हे आधीच सांगून टाकते.

मी वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं, ते लपवलं, नंतरच्या तपासण्यांना कंटाळून त्या सोडून दिल्या, आणि हे सगळं झाकायला जे खोटं बोलले ते सुमनच्या जिवावर बेतलं. गोष्ट एवढीच. पण माझ्यासारखे टाके पोटावर घेऊन शेजारणीला भलतंच काहीतरी सांगत फिरणाऱ्या आणखी कुणी असतील, म्हणून सविस्तर लिहिते. दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतलं हे सगळं आहे. तेव्हा आमच्याकडे या ऑपरेशनचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

काटा

माझं वजन तेव्हा एकशे अठरा किलो होतं. हा आकडा मी आज पहिल्यांदा लिहितेय. नवऱ्यालासुद्धा एकशे पाच सांगितला होता.

शाळेत पोरं मला 'डंपर' म्हणायची. एमआयडीसीच्या रस्त्यावर दिवसभर डंपर बघणारी पोरं, त्यांना दुसरं काय सुचणार? एकदा नववीच्या वर्गात अलंकार शिकवत होते. उपमेचं उदाहरण विचारलं, तर मागच्या बाकावरून दबक्या आवाजात आलं, "बाई डंपरसारख्या." अख्खा वर्ग वहीत तोंड खुपसून खुसखुसला. मी म्हटलं, "आता यातलं उपमेय कोणतं आणि उपमान कोणतं, तेही सांग," आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसले. घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले.

साखर होतीच, रक्तदाब होता, गुडघे तर कामातूनच गेले होते. महाडच्या आमच्या डॉक्टरांनी गुडघे दाखवायला मुंबईला पाठवलं. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "गुडघ्यांना हात लावण्यात अर्थ नाही. आधी वरच्या मजल्यावर जाऊन या." वरच्या मजल्यावर वजनाचे डॉक्टर होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जठर एवढंसं करायचं, आतडं पुढे नेऊन जोडायचं. मग खाणं आपोआप कमी. पण आयुष्यभर थोडं थोडं, चावून चावून खायचं, जीवनसत्त्वांची इंजेक्शनं आणि गोळ्या घ्यायच्या, आणि तपासायला येत राहायचं.

ते आणखी एक वाक्य बोलले. "हा आजार आहे, बाई. तुमचा दोष नाही."

मला ते पटलं नाही. आजार म्हणजे बाहेरून येतो तो. हे तर मी माझ्या हाताने, माझ्या ताटातून, वाटीवर वाटी खाऊन आणलेलं. डॉक्टर समजूत घालतायत असं वाटलं. आणि 'आयुष्यभर' हा शब्द ते तीनदा बोलले, तो माझ्या कानावरून गेला. मराठीच्या बाईंना शब्द ऐकू आला नाही! मला फक्त 'आपोआप' ऐकू आलं.

खडे

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ह्यांनी विचारलं, "घरी काय सांगायचं?"

हे एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात सुपरवायझर. पाळीचं माणूस, मोजकं बोलणारं. मी म्हटलं, "पित्ताचे खडे निघाले म्हणून सांगा."

"खोटं कशाला?"

"मग काय सांगायचं? बायको खाऊन खाऊन एवढी फुगली की तिचं पोट कापावं लागलं, हे सांगणार? सांगा जा!"

ते पिशवी भरायला लागले. त्यांनी पुढे काही न विचारणं मला फार सोयीचं वाटलं. दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटावर पाच बारीक छिद्रं, खड्यांचंही तसंच असतं. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

हॉस्पिटलमधले दिवस मला वाईट आठवत नाहीत. दर पंधरा मिनिटांनी औषधाच्या टोपणाने एक टोपण पाणी प्यायचं. पहिलं टोपण घशाखाली उतरलं तेव्हा इतकं गोड लागलं की मी आयाबाईंना म्हटलं, "यात साखर घातलीत का हो?" त्या म्हणाल्या, "नळाचं हाय, बाई." माझी वेणी त्याच घालायच्या, न सांगता, रोज सकाळी. मुंबईतल्या त्या मोठ्या इमारतीत माझ्या अंगाला किळस न वाटता हात लावणारी ती पहिली बाई. मी त्यांचं नावही विचारलं नाही, याची आता लाज वाटते.

महाडला परतल्यावर आई आणि सुमन भेटायला आल्या. सुमनने पेजेचा डबा आणला होता, आणि बसल्या बसल्या म्हणाली, "खडे दावा की वन्सं! आमच्या वाडीतल्या भाऊकाकांचे बाटलीत घालून दिलेत. जो येल त्याला दावतात."

मी गडबडले. "हॉस्पिटलने ठेवून घेतले," म्हटलं.

"आँ? का गो बाय? तुमचे खडे, त्यांनी का ठेवायचे?"

"शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला."

सुमन प्रभावित झाली. माझ्या वन्संचे खडे मुंबईच्या डॉक्टरांना शिकायला लागतात, असं तिने वाडीत सांगितल्याचं पुढे आईकडून कळलं.

रोजचा वार

दोन महिन्यांनी शाळेत रुजू झाले. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी मुलीचा पेढा आला. पेढा खाल्ला तर मला घाम फुटायचा, छाती धडधडायची, आडवं व्हावं लागायचं. नव्या पोटाचा तो नियमच होता. आणि 'नको' म्हटलं की आपल्याकडे कुणी ऐकतं का? "एकाने काय होतंय?" सुरू होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "नको हो, आज माझा उपास आहे."

लगेच हात मागे गेला. "अगंबाई, सोमवार का? बरं बरं."

मला जणू मंत्रच सापडला. उपासाच्या बाईला आग्रह करत नाहीत, ती का जेवत नाही हे विचारत नाहीत, उलट तिच्याकडे जरा आदराने बघतात. मग सोमवार झाला, मंगळवारी अंगारकीचं निमित्त, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी हळदीकुंकवाला बोलावलं की माझी पंचाईत व्हायची. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई म्हणाल्यासुद्धा, "तुमचे सगळे देव एकदम प्रसन्न होणार बघा."

आणि वजन तर उतरत होतं. दर महिन्याला ब्लाऊज आत घ्यावा लागे. वर्षभरात चाळीस किलोच्या वर गेलं. गुडघे दुखायचे थांबले, साखरेची गोळी बंद झाली. मी चवदार तळ्याला एक फेरी मारायची आणि तीन मारल्या म्हणून सांगायची. बायका रस्त्यात थांबवून विचारत, "काय केलंत हो?" मी म्हणायची, "सोळा सोमवार आणि तळ्याच्या फेऱ्या." पुढे पुढे हे सांगताना माझा चेहरासुद्धा बदलत नसे. महाडचे डॉक्टर तर त्यांच्या पेशंटना माझं उदाहरण द्यायला लागले. मला त्यांच्या दवाखान्यात बसवेना, पण तिथून उठून खरं सांगण्याइतकी लाजही मला नव्हती. लोकांच्या तोंडून 'बाईंची जिद्द' हे शब्द ऐकायला मला फार आवडायचं.

उपाशीपोटी

ज्यांचं असं ऑपरेशन व्हायचंय त्यांना मी एक सांगते. ऑपरेशन एका दिवसाचं असतं. तपासण्या संपत नाहीत.

पहाटेची एस.टी. पकडायची. पाच तास बसायचं, तेही उपाशी, कारण रक्त उपाशीपोटी द्यायचं. आयुष्यात मी खरे उपास केले ते एवढेच. मग नंबर लावायचा. रक्तवाले, मग वजनाचे डॉक्टर, मग आहाराची ताई, मग मन कसं आहे ते विचारणाऱ्या मॅडम. चौघंही तेच विचारणार: कसं वाटतंय, काय खाता, उलट्या होतात का, केस गळतात का? आहाराची ताई काडीसारखी बारीक. तिच्यापुढे वहीत लिहिलेलं काय काय खाल्लं ते ठेवायचं. ती वही मी जाताना एस.टी.त भरायची, पंधरा दिवसांची एकदम, वेगवेगळ्या पेनांनी. पोरं गृहपाठ कसा उरकतात ते मला चांगलं ठाऊक होतं ना!

मी बारीक होत गेले आणि फाईल जाड होत गेली. दर तीन महिन्यांनी रजेच्या अर्जावर 'वैयक्तिक कारण'. मुख्याध्यापकबाई चष्म्यावरून बघायच्या. हे सुरुवातीला सोबत यायचे, मग पाळी बदलून मिळेना. आजारी माणसाने तपासायला जावं हे ठीक, पण मला आता बरं वाटत होतं! बऱ्या माणसाने दर तीन महिन्यांनी आपण आजारी असल्याची आठवण करून घ्यायला पाच तास का जावं? आणि खरं सांगायचं तर मुंबईच्या त्या दालनात बसलं की मी पुन्हा एकशे अठरा किलोची व्हायचे. समोर बाकावर बसलेल्या जाड बायका बघून मला त्यांची कीव नाही, किळस यायची. एवढी नीच झाले होते मी.

उलटी एस.टी.

दीड वर्षानंतरची गोष्ट. श्रावणातला सोमवार, मुंबईची तारीख. फाईल पिशवीत घालून मी महाड स्टँडवर उभी होते. मुंबईची गाडी लागली. लोक चढले. माझा पाय काही उचलेना. शेजारी पोलादपूरची गाडी लागली होती, रिकामी. मी तिच्यात जाऊन बसले. शाळा चुकवणाऱ्या पोराला जसं वाटत असेल तसं हलकं हलकं वाटलं.

वाडीवर पोचले तर सुमन अंगणात भाजी निवडत होती. "आगो आय! वन्सं? आज कुटं हिकडं?"

"आईला बघायला आले," मी म्हटलं. फाईल पिशवीच्या तळाला.

सुमनने लगेच चुलीवर भाकरी टाकायला घेतली. मी म्हटलं, "नको गं, सोमवार आहे." ती पीठ तसंच ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. मला खालून वर न्याहाळलं. सुमन स्वतः अंगाने भरलेली. त्या वर्षी पोलादपूरला सरकारी दवाखान्यात तपासलं तेव्हा तिला साखर निघाली होती, तिला गोळी सुरू केली होती.

"वन्सं, खरं सांगा. सोमवारांनीच ना?"

त्या क्षणी फाईलची पिशवी माझ्या मांडीवर होती. हात घालून फाईल बाहेर काढायचा अवकाश होता. मी म्हटलं, "हो गं. सोळा सोमवार."

"मंग म्या बी धरते. ह्याच श्रावणापासनं. माजी बी साखर जाईल, तुमची गेली तशी." ती उठता उठता थांबली. "पन वन्सं, साखरेची गोळी हाय ती? उपासाला चालते का?"

साबुदाणा चालतो, वरी चालते, शेंगदाणे चालतात, मिरची चालते, कोथिंबीर काहींकडे चालते, काहींकडे नाही. आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर द्यायला विचार करावा लागत नाही. मीही केला नाही.

"चालते, चालते," मी म्हटलं. "गोळीला कसला उपास?"

सहा वर्षं मी ती गोळी घेतलेली. उपाशीपोटी घेतली तर डोळ्यांपुढे अंधारी येते, हात थरथरतात, हे मला स्वतःच्या अंगावरून ठाऊक होतं. पण सुमनने प्रश्न उपासाचा विचारला होता, मी उत्तर उपासाचं दिलं. आणि विषय लवकर संपवायचा होता मला. तेच खरं कारण.

संध्याकाळी घरी ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हटलं, "सगळं उत्तम."

मानेचे एक्स-रे

त्यानंतर मी मुंबईला गेलेच नाही. इंजेक्शनं बंद, गोळ्या बंद. शिमग्यापर्यंत काही झालं नाही, म्हणून मला वाटलं, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात.

इथे एक राहिलं. सुमनचे पहिले सोळा सोमवार त्या वर्षी पूर्ण झाले नाहीत, मध्ये माझ्या भावाला मुंबईत कावीळ झाली आणि ती तिकडे गेली. पुढच्या श्रावणात तिने पुन्हा पहिल्यापासून धरले. मी तिला मधल्या काळात दहा वेळा भेटले असेन. दहाही वेळा सांगू शकले असते.

त्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मग उजव्या. एकदा बाजारातून घरी आले तर एका पायात चप्पल नव्हती, आणि ती कुठे सुटली ते मला कळलंही नव्हतं. वर्गात हातातून खडू पडायचा. केस तर मूठमूठ. जिना चढताना दम लागायचा. महाडच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "आधी काही ऑपरेशन?" मी म्हटलं, "ते खड्यांचंच." त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या, मानेचा एक्स-रे काढला, पट्टा दिला. पुन्हा एक्स-रे. बिचारे विचारात पडायचे. "एवढं चांगलं वजन उतरवलंत, आणि हे काय मागे लागलं?" मी पट्टा घालून शाळेत जायचे आणि मान दुखत असल्याचं नाटक करायचे. मानेला काही झालेलं नव्हतं.

खरं काय ते मला आतून कळत होतं. 'आयुष्यभर' हा शब्द आता ऐकू यायला लागला होता. पण मुंबईला फोन केला तर ते विचारणार, वर्षभर कुठे होता? शाळेत पोरांना हा प्रश्न मी ज्या आवाजात विचारते तो आवाज मला स्वतःला ऐकवत नव्हता.

तेरावा

कार्तिकात, भातकापणीच्या दिवसांत, सोमवारी दुपारी शाळेत फोन आला. सुमन शेतात पडली होती.

सकाळी गोळी घेऊन, पोटात काही न घालता ती कापणीला गेली होती. भारा डोक्यावर घेऊन खळ्याकडे येताना बांधावरून तोल गेला. दगडावर कपाळ आपटलं. बायकांनी आधी तिला भुताने धरलं म्हणून लिंबू उतरवला, कारण ती बडबडत होती आणि कुणाला ओळखत नव्हती. मग कुणीतरी जीप आणली. पोलादपूरला सलाईन लावलं, टाके घातले, आणि शुद्ध पुरती येईना म्हणून महाडला आमच्याच डॉक्टरांकडे आणलं.

मी पोचले तेव्हा ती डोळे उघडून पडली होती. कपाळावर पट्टी, बरोबर कुंकवाच्या वर. आई पायाशी बसलेली. डॉक्टर विचारत होते, "उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

सुमनचा आवाज बारीक झाला होता, पण त्यात अभिमान होता. "उपास व्हता ना डॉक्टर. तेरावा सोमवार. आमच्या वन्संनी केलेत, त्यांची साखर गेली. गोळी चालते, त्यांनीच सांगितलं. त्या शिकलेल्या हायेत."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी दारात उभी होते, मानेला पट्टा लावून.

मला आठवतं, मी आधी तो पट्टा काढला. चट् असा आवाज झाला. मग म्हटलं, "मी एकही सोमवार केला नाही. माझं पोट कापून लहान केलंय. मुंबईला. खडे नव्हतेच."

मग डॉक्टर, ज्यांना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, ते ओरडले, "बाई, सहा महिने मी तुमच्या मानेचे फोटो काढतोय! पाय कायमचे गेले असते तुमचे!" आणि मग हळू, "आणि ही गेली असती."

आई पदर तोंडाला लावून बसली. तिला बहुतेक 'पोट कापलंय' एवढंच कळलं होतं.

सुमन छताकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "मंग येवडे दिस मी कुनाचे सोमवार धरले?"

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो चादरीत घेतला.

परत

मुंबईला फोन लावला. फोन उचलणाऱ्या मुलीने विचारलंच, "इतके दिवस का आला नाहीत?" मी म्हटलं, "लाज वाटली." ती म्हणाली, "बरेच जण तेच सांगतात. मंगळवारी या." एवढ्या सोप्या वाक्यासाठी मी सव्वा वर्ष घालवलं होतं.

मंगळवारी गेले. रक्तात बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ उरलंच नव्हतं. आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला इंजेक्शन. ती आता महाडचे डॉक्टरच देतात, रागावून का होईना. मुंग्या गेल्या, खडू हातात राहायला लागला. डाव्या पायाची दोन बोटं मात्र अजून बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात, ती तशीच राहतील. आहाराच्या ताईला मी वह्यांचं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "एकाच दिवसाचं लिहा, पण त्याच दिवशी लिहा." समोरच्या बाकावरच्या बायकांशी आता बोलते. एकीची वेणी घातली परवा, तिचा हात मागे पोचत नव्हता.

कंटाळा गेला का? छे! पहाटेची एस.टी. लागली की अजून पाय जड होतो. पण जाते. ज्यांना कंटाळा आलाय त्यांनी कंटाळा आलाय असं सांगावं, पण गाडीत बसावं. उलट्या गाडीत बसू नये.

शाळेत मी स्वतःहून सांगितलं. दोन दिवस कुजबुज झाली, तिसऱ्या दिवशी सगळे परीक्षेच्या गडबडीत. ज्यांना सोळा सोमवार सांगितले होते त्यांच्यापैकी सापडतील तेवढ्या बायकांच्या घरी जाऊन आले. काहींनी चहा दिला, एकीने दार लावून घेतलं.

सुमन माझ्याशी बोलत नव्हती. वाडीला गेले की पाणी आणून ठेवायची आणि आत जायची.

पंगत

माघात भावाने घरी सत्यनारायण घातला. अख्खी भावकी जेवायला. मला बोलावणं आलं ते आईचं.

पंगतीची मला ऑपरेशनपासून धास्तीच. आमच्याकडे पंगतीत सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी उठत नाही. मला चार घास खायला अर्धा तास लागतो, नीट चावलं नाही तर उलटून येतं. म्हणून तर मी इतकी वर्षं प्रत्येक कार्याला उपास धरून बसले होते. त्या दिवशी न जेवता निघायचं असं ठरवूनच गेले होते, पण आईने हात धरून ओळीत बसवलं.

सुमन वाढत होती. पट्टी गेली होती, कपाळावर कुंकवाच्या वर चार टाक्यांची रेघ. माझ्यापुढे आली. पळीभर भात, वर चमचाभर वरण, भाजीची एक फोड. प्रसादाचा शिरा तिने शिताएवढा ठेवला आणि पुढे गेली.

शेजारी बसलेली माझी चुलती ओरडली, "आगो सुमन, वन्संच्या पानात येवडंसंच? भांडान हाय का काय तुमचं?"

सुमन वळली. हातात भाताची परात. पन्नास माणसं बसलेली.

"भांडान हाय," ती म्हणाली. "पन त्याच्यापायी नाय. त्यांचं पोट कापलंय मुंबईला. येवडंच जातंय."

माझी मान खाली गेली. कान तापले. पन्नास जणांचे डोळे माझ्या पोटावर आहेत असं वाटलं, आणि ते खरंही असणार. उठून जावंसं वाटलं. पण पंगत बसली होती.

मी पहिला घास घेतला. चावला. दुसरा. भोवती ताकाचे ओरपे वाजले, मग थांबले. एकेकाचं पान संपलं. लोक हात आखडून बसले, खरकटी बोटं वाळायला लागली. पोरं चुळबुळायला लागली. पलीकडच्या ओळीत एक म्हातारबुवा खोकून उठायला लागले.

"बसा हो," सुमन म्हणाली. ती दाराला टेकून उभी होती, पदर खोचून, माझ्याकडे न बघता. "कोन उठू नका. आमच्या वन्सं जेवतायत."

सगळे बसले. मी तिसरा घास घेतला.